अठ्ठेचाळीसचा कागद

गोंदियाजवळच्या मुर्रीत हनुमान मंदिरासमोर बैठक भरली आणि तिच्यात धनवंताचा निकाल लागला. दोन हजार दोन सालचा एप्रिल होता. नवऱ्याला जाऊन एकवीस दिवस झाले होते. ती बायकांच्या बाजूला डोक्यावरून पदर ओढून बसली होती. तिच्या जेठाने, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाने, टेकचंदने, एक घडी घातलेला कागद उघडला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हा पाहा नागपूरचा रिपोट. तारीख पाहा, डिसेंबर. लगन झालं एप्रिलात. लगनाच्या आधी माहा भाऊ धडधाकट होता. ही बाई घरात आली अन् आठ महिन्यांत त्याले हा रोग लागला. आता तुमीच सांगा, कोनं आनला?"

कागद केशोराव गुरुजींच्या हातात गेला. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. इंग्रजी वाचणारी जी दोन-तीन माणसं तेव्हा गावात होती, त्यातले ते एक. त्यांनी चष्मा लावला, वरच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. नाव, खुमेंद्र. आणि खाली, एचआयव्ही रिॲक्टिव्ह. मग त्यांनी मान हलवली आणि कागद परत दिला.

धनवंताचे वडील शिवलाल आमगावकडच्या आपल्या गावाहून सकाळच्या बसने आले होते. ते उठले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी टेकचंदच्या पायाशी ठेवली. "माही पोरगी तशी नाई, पटील." टेकचंदने पायाने टोपी बाजूला केली.

धनवंता ही गोष्ट सांगते तेव्हा इथे थांबते. "लाथ मारली असती तं बरं झालं असतं," ती म्हणते. "वाटेतली चप्पल सारावी तशी सारली त्यानं."

तिला कोणी काही विचारलं नाही. पोवार समाजाच्या घरात सून जेठासमोर तोंड उघडत नाही, आणि विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती? गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात तिचंही रक्त तपासलं होतं. तिलाही तोच आजार निघाला होता. त्याच संध्याकाळी ती बापाबरोबर माहेरी परतली. वय वर्षे वीस.

खुमेंद्र वाईट माणूस नव्हता, हे ती आजही सांगते. सहा वर्षं तो रायपूरला रोलिंग मिलमध्ये होता. दोन हजार सालाच्या दिवाळीत घरी आला तो खोकत आला. "धुराचा खोकला हाय, गावच्या हवेत निघून जाईन," असं घरच्यांनी मुलगा पाहायला आलेल्या शिवलालला सांगितलं. लग्न झाल्यावर खुमेंद्रने तिच्यावर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. त्याच्या तोंडात पांढरे छाले यायचे. तिखट गिळवायचं नाही म्हणून ती त्याच्यासाठी वेगळी पेज करायची आणि तो ती पितापिता म्हणायचा, "तुह्या हातची पेज हाय मनून जाते बाप्पा."

डिसेंबरात त्याला नागपूरला एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. चालताना धरायला कोणी हवं म्हणून तिलाही नेलं. रक्त दिलं, चार दिवसांनी रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेले. डॉक्टरने कागद पाहिला आणि टेकचंदला म्हटलं, "फॉर्टी-एट. सिर्फ फॉर्टी-एट." टेकचंदने हळू आवाजात विचारलं, "कब से होगा साहब?" डॉक्टर म्हणाला, "सालों से." दाराशी उभ्या असलेल्या धनवंताने हे दोन्ही ऐकलं. दहावीपर्यंत शिकलेली होती, फॉर्टी-एट म्हणजे अठ्ठेचाळीस हे तिला कळत होतं. पण तिला वाटलं, डॉक्टर वजन सांगतो आहे आणि सालों से म्हणजे खोकला. बाहेर कंपाउंडरच्या काट्यावर खुमेंद्र एक्केचाळीस किलो भरला होता. आत अठ्ठेचाळीस निघाला म्हणून ती मनातल्या मनात सुखावली. साहेबांचा काटा चांगला असेल, असं तिने धरून घेतलं.

मार्चमध्ये तो गेला.

ती माहेरी आली तेव्हा तिच्याआधीच तिची गोष्ट गावात पोचली होती. तिच्याहून तीन वर्षांनी लहान बहीण रिंकी. गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या एका घरी रिंकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, पत्रिका जुळली होती, लुगडं घेतलं होतं. मुलाकडून निरोप आला की आम्ही आता थांबतो. कारण सांगितलं नाही. पुढच्या वर्षी रिंकीला बालाघाटकडे एका बिजवराला दिली, दोन लेकरं असलेल्या. लग्नात रिंकी रडली नाही. धनवंताने तिला घट्ट धरायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे ताई, लोक पाहून राहिले."

शिवलालने चौकात बसणं सोडलं. आधी ते रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसायचे, धानाचे भाव, पाण्याच्या पाळ्या, कोणाचा बैल कसा यावर बोलायचे. आता शेतातून आले की सरळ घरात. धनवंता माजघरात विड्या वळत बसायची. तेंदूची पानं कापायची, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा. बाप तिच्यासमोरून जायचा आणि तिच्याकडे पाहायचा. पाहायचा, बस.

दोन हजार पाचच्या पोळ्याच्या चार दिवस आधी ते गेले. शेवटच्या दिवशी तिने त्यांच्या तोंडात पाणी घातलं. त्यांनी डोळे उघडून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "त्याईच्या नजरेत एक गोष्ट होती," ती सांगते. "विचारायची होती, पन विचारली नाई. माह्या बापालेबी पक्कं ठाऊक नव्हतं मी खरी का खोटी. त्या टेकचंदनं माह्या बापाच्या मनात माह्याबद्दल शंका घातली अन् बाप ती शंका घेऊन गेला. हे मी माफ करू?"

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी तिच्या पाठीवर नागीण उठली. गोंदियाच्या दवाखान्यातून तिला नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, रक्तातला एक आकडा मोजायला. तिथे समुपदेशक होत्या निर्मलाबाई, चाळिशीच्या, बोलायला मऊ. आठवड्याने आकडा आला, तेव्हा त्यांनी धनवंताला समोर बसवलं.

"पाचशे बारा. छान आहे तुमचा."

"काय छान हाय?"

"सीडी फोर म्हणतात याला. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात ना, त्यातली ही एक जात. चांगल्या माणसाच्या पाचशेच्या वर असतात, हजार-बाराशेपर्यंत. हा विषाणू नेमक्या याच पेशी संपवतो, पण हळूहळू. वर्षाला कोणाच्या पन्नास कमी होतात, कोणाच्या शंभर. म्हणून दर सहा महिन्यांनी मोजायचं. दोनशेच्या खाली गेलं की गोळ्या सुरू करायच्या. तुम्हाला अजून अवकाश आहे."

धनवंता ऐकत होती. मग तिने विचारलं, "एखाद्याचा अठ्ठेचाळीस असन तं?"

"अठ्ठेचाळीस? म्हणजे फार पुढे गेलेला आजार. कोणाचा आहे?"

"माह्या मालकाचा होता. डॉक्टर म्हने, फॉर्टी-एट. मले वाटलं वजन सांगून राहिला."  मग तिने पुढचं विचारलं. "मॅडम, लगनाले आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत एवढा खाली येते काय?"

निर्मलाबाई उठून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "वर्ष-महिना मी छातीठोक सांगू शकत नाही," ते म्हणाले. "लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे आकडा खाली जातो, पुन्हा वर येतो. क्वचित एखाद्याचं सगळंच लवकर घसरतं. पण लग्नाच्या आधीपासून खोकला, तोंडात छाले, आठ महिन्यांत अठ्ठेचाळीस. आणि तुमचा साडेचार वर्षांनीसुद्धा पाचशे बारा. हे दोन आकडे शेजारी ठेवा. कोणाचा आजार जुना हे सांगायला मग डॉक्टर लागत नाही."

"त्या कागदावर असते काय हा आकडा? ज्यावर रिॲक्टिव्ह लिवलं राहते?"

"एकदम सगळं तपासलं असेल तर त्याच कागदावर असेल. खालच्या ओळीत."

परतीच्या गाडीत बसायला जागा होती. ती गोंदियापर्यंत दाराशी उभी राहिली. भंडारा रोड गेलं, तिरोडा गेलं. तिला आता सगळं ऐकू येत होतं, त्या खोलीतलं. कब से होगा साहब. सालों से. म्हणजे टेकचंदला त्याच दिवशी माहीत होतं. तिला सोडवणारा आकडा आणि तिला बुडवणारी तारीख एकाच कागदावर होती, आणि त्या माणसाने खालच्या ओळीबद्दल अवाक्षर न काढता वरची ओळ गावाला दाखवली होती. तिच्या बापाला मरून अजून तीन महिने झाले नव्हते. रडू आलं नाही. ती म्हणते, त्या दिवसापासून तिच्या पोटात एक निखारा होता, आणि तो विझू नये याची ती काळजी घ्यायची.

कागद टेकचंदकडे होता. मागून मिळाला नसता. तो त्याच्याच हाताने बाहेर यायला हवा होता, तितक्याच लोकांसमोर.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत ती मुर्रीला गेली आणि भर सकाळी टेकचंदच्या अंगणात जाऊन बसली. सासू शकुंतलाबाई दारात आल्या, तिला पाहून आत वळल्या. टेकचंद बाहेर आला.

"कायले आली?"

चार वर्षांपूर्वी ती त्याच्यासमोर पदराआड असायची. आता तिने पदर खांद्यावर टाकला होता. "माह्या मालकाच्या हिश्शाची जमीन पाह्यजे, भाऊजी."

टेकचंद हसला. "जमीन? तुले? ज्याले मारलं त्याचीच जमीन मांगून राहिली? बसव बैठक. कागद अजून हाय माह्यापाशी."

"आना मंग कागद," ती म्हणाली.

येत्या रविवारी बैठक ठरली. लोक आले, मागच्यापेक्षा जास्तच. मेली असेल असं ज्यांना वाटत होतं, तेही तिला पाहायला आले. टेकचंदने तोच कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. तीच वाक्यं तो बोलला. तारीख, एप्रिल, डिसेंबर, आठ महिने. त्याचं झाल्यावर धनवंता बायकांतून उठून पुरुषांच्या बाजूला गेली. कुजबुज झाली. ती केशोराव गुरुजींसमोर उभी राहिली.

"गुरुजी, त्या दिवशी तुमी वरच्या दोन ओळी वाचल्या. खालच्या नाई वाचल्या. आज वाचा."

"त्यात काय हाय?" टेकचंद मध्येच म्हणाला. "डाक्टरी भाषा हाय."

"तुमाले कळत नाई तं वाचू द्या ना," धनवंता म्हणाली. "काऊन भेता?"

गुरुजींनी हात पुढे केला. टेकचंदने कागद देताना क्षणभर धरून ठेवला, हे पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वाचलं, "सीडी फोर काउंट... फॉर्टी-एट." मग आणखी खाली बोट नेलं. "नॉर्मल रेंज, पाचशे ते दीड हजार."

"म्हंजे पाचशेच्या जागी अठ्ठेचाळीस," धनवंता म्हणाली. तिने आपली रिपोर्टची घडी उघडली आणि गुरुजींच्या हातात दिली. "हा माहा. तीन महिन्यांआधीचा. वाचा."

"पाचशे बारा."

ती लोकांकडे वळली. भाषण करायला ती शिकली नव्हती, पण हे चार ओळींचं बोलणं तिने विड्या वळताना शंभरदा मनात घोळवलं होतं. "आपल्या गावात धानाले पानी देनाऱ्या बोड्या हायेत. आजोबा-पणजोबांनी खोदल्या. मले सांगा, भरलेली बोडी पाळीतून थेंब-थेंब गळून राहिली तं कोरडी पडाले किती साल लागतात? अन् कोरडी बोडी पाहून तुमी म्हनान काय की गळती कालपासून हाय? रक्तातलं बी तसंच हाय. साला-सालानं कमी होते. नागपूरच्या सरकारी डॉक्टरनं सांगतलं. माह्या मालकाची बोडी आठ महिन्यांत कोरडी झाली, अन् माही साडेचार सालांनी बी भरून हाय. तं गळती आधी कोनाची होती?"

 आयुष्य बोड्यांच्या पाण्यावर काढलेली माणसं होती. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "बराबर हाय. आठ महिन्यांत नाई आटत."

"खोटं हाय!" टेकचंद ओरडला. "आकडा कायबी बोलते! माहा भाऊ लगनाच्या आधी—"

"टेकचंद." हा आवाज बायकांच्या बाजूने आला. शकुंतलाबाई उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून बोलल्या, जमिनीकडे पाहत. "रायपूरहून आला तवाच त्याच्या तोंडात छाले होते. गोंदियाचा डाक्टर म्हने, रक्त तपासून घ्या. तूच म्हनला, आधी लगन होऊ दे, मंग तपासू. सेवा कराले कोन पाह्यजे मनून."

 धनवंतालाही हे माहीत नव्हतं. रक्त तपासणी मुद्दाम लग्नानंतर ठेवली होती. कागदावर लग्नाआधीची तारीख आली असती तर रोग नवऱ्याचा ठरला असता. नंतरची आली म्हणून तिचा ठरला.

तिला वाटलं होतं त्या दिवशी पोट थंड होईल. झालं नाही. गुरुजींनी उभं राहून तिच्यासमोर हात जोडले. "बेटा, माही चूक झाली. पूर्ण वाचाले पाह्यजे होतं." तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो गुरुजी, पाह्यजे होतं." एवढंच. त्यांना बरं वाटावं असं काही ती बोलली नाही.

पंचांनी दोन गोष्टी ठरवल्या. खुमेंद्रच्या हिश्शाची दीड एकर जमीन धनवंताच्या नावे व्हावी. आणि, ही तिची मागणी होती, टेकचंदने तिच्या माहेरी जाऊन चौकात, ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी, चार माणसांसमोर सांगावं की रोग आमच्या घरचा होता, शिवलालची पोरगी निर्दोष होती. टेकचंदने दोन्हीला मान डोलावली.

जमीन वर्षभरात नावावर झाली, तलाठ्याच्या चकरा मारून. दुसरी गोष्ट झाली नाही. कधी रोवणी होती, कधी धान चुरायचं होतं, कधी पाय दुखत होता. धनवंता दर दिवाळीला निरोप पाठवायची: अजून आले नाही भाऊजी. आणि टेकचंद निरोप्याला चहा पाजून परत पाठवायचा. "झालं गेलं झालं," तो लोकांना सांगायचा. "जमीन देल्ली ना? आता किती दिवस धरून राहीन?"

किती दिवस, ते त्याला ठाऊक नव्हतं. ती मुर्रीतच एका खोलीत राहायला आली होती, त्याच्याच गल्लीच्या टोकाला. दीड एकरात धान लावायची, उन्हाळ्यात विड्या वळायची. तिचा आकडा मात्र उतरत होता. चारशे दहा. तीनशे साठ. दोनशे एकोणनव्वद. आता तपासणी गोंदियातच होऊ लागली होती. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात दोनशे चौदा आला. गोळ्यांची मर्यादा तोवर दोनशेवरून अडीचशेवर नेली होती, म्हणून तिच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस पोटात काही ठरत नव्हतं. सकाळी उठली की भिंत फिरायची.

त्याच दिवसांत तिला कळलं की टेकचंदच्या मुलीचं जमलं आहे. भूमेश्वरी. बीएच्या शेवटच्या वर्षाला होती, सायकलने कॉलेजला जायची, वाटेत भेटली तर "काकी, बरी हाय ना?" म्हणायची. तिरोड्याकडचं चांगलं घर होतं, मुलगा शिक्षक. साक्षगंधाला नऊ दिवस राहिले होते.

धनवंता दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी उलटी करून, तोंड धुऊन, तिने बैठकीनंतर काढून ठेवलेले दोन्ही कागदांचे झेरॉक्स पिशवीत घातले आणि तिरोड्याची बस धरली. मुलाच्या वडिलांना तिने अंगणातूनच सांगितलं, "पोरगी सोन्यासारखी हाय, तिच्याबद्दल मले कायबी म्हनाचं नाई. तिच्या बापाबद्दल सांगाले आली." आणि तिने सगळं सांगितलं. छाले, डॉक्टर, आधी लगन होऊ दे, कागद, टोपी, रिंकी. "आजारी पोराचं लगन लपवून करनारा मानूस हाय. तुमच्याशी सोयरीक करून राहिला. मी सांगतलं. आता तुमचं तुमी पाहा." त्यांनी पाणी दिलं. ती पाणी पिऊन निघाली.

चौथ्या दिवशी मुर्रीत निरोप आला, आम्ही आता थांबतो.

ती ते ऐकून आपल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि हसली. हे ती लपवत नाही. "खूप हसली मी. आठ सालांनी हसली."

दुसऱ्या दिवशी दुपारी भूमेश्वरी आली. डोळे सुजले होते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"काकी, तुमीच गेल्या होत्या ना?"

"हो."

"बाबूजीनं जे केलं ते मले माहीत हाय. आजीनं सांगतलं. पन त्यात माहा काय दोष होता?"

धनवंताने हातातलं पान खाली ठेवलं. "कायबी नाई," ती म्हणाली. "रिंकीचाबी नव्हता."

पोरगी निघून गेली. त्या रात्री, धनवंता कबूल करते, तिने जेवण केलं नाही. गोळ्या मात्र घेतल्या.

पुढच्या रविवारी टेकचंद आमगावची बस धरून तिच्या माहेरी गेला. एकटा. शकुंतलाबाईंनी त्याला घराबाहेर काढलं होतं, "बोलून ये नाई तं ह्या घरात भात खाऊ नको" म्हणून, असं गावात म्हणतात. धनवंता आधीच जाऊन ओट्यापाशी उभी होती. तिने रिंकीला बालाघाटला फोन केला होता, ये, तुझ्यासमोर बोलेल तो. रिंकी म्हणाली, "ताई, आता मी ते ऐकून काय करू? घरी म्हशी हायेत, पोरांची परीक्षा हाय." आणि ती आली नाही.

टेकचंद ओट्यापाशी उभा राहून बोलला. आवाज निघत नव्हता. "मोठ्यानं," धनवंता म्हणाली. तो पुन्हा बोलला. "अजून मोठ्यानं. तिकडे पानठेल्यावर ऐकू गेलं पाह्यजे." तो तिसऱ्यांदा बोलला, रोग आमच्या घरचा होता, शिवलालभाऊची पोरगी निर्दोष होती, मले माहीत होतं. 'मले माहीत होतं' हे पंचांनी ठरवलेल्या वाक्यात नव्हतं. ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं की तिच्या नजरेने काढलं, सांगता येत नाही. ओट्यावर सात-आठ माणसं होती. त्यातल्या चौघांनी शिवलालला पाहिलेलं होतं. एक म्हणाला, "आता सांगून काय फायदा?" धनवंता त्याच्यावर उखडली. "फायदा तुमाले नाई. मले हाय."

भूमेश्वरीचं दोन वर्षांनी डोंगरगडकडे लग्न झालं. घर बरं आहे, म्हणतात. धनवंताला पत्रिका आली नाही.

गोळ्यांनी तिचा आकडा पुन्हा चढला. तीनशे अठ्ठ्याऐंशी, चारशे सत्तर, दोन हजार चौदाला पाचशे नव्वद. आता ती गोंदियाच्या गोळ्यांच्या केंद्रावर नव्या बायकांना बसवून घेते आणि एकच गोष्ट बजावते: कागद पूर्ण वाचून घ्या, खालपर्यंत, आणि एक झेरॉक्स आपल्यापाशी ठेवा. तिथेच तिची ही गोष्ट ऐकताना एकदा मी तिला विचारलं, त्या मुलीचं जे झालं त्याचं काही वाटतं का.  "चुकलं," ती म्हणाली. "तेवढं चुकलं. पन तो त्याशिवाय गेला नसता. पुन्ना तशी येळ आली तं पुन्ना करीन."

टेकचंद दोन हजार पंधराच्या जुलैत वारला. अर्धांग होऊन सहा महिने खाटेवर होता. मुर्रीत रोवणी सुरू होती. बांधीत गुडघाभर चिखलात बाया धानाची रोपं, पऱ्हे, लावत ओळीने वाकल्या होत्या, धनवंताच्या दीड एकरात. गल्लीतून माणूस धावत आला, सांगून गेला. बाया ताठ झाल्या, एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने विचारलं, "धनवंताबाई, जाशीन ना? सखा जेठ हाय."

धनवंता वाकलेलीच होती. "पऱ्हे उपटून ठेवले हायेत सकाळपासून," ती म्हणाली. "उन्हानं सुकून जातीन. लावा."